हत्तीची लीद, सैन्याचे तंबू आणि गाडीतलं इंधन

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर उतरलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मागे जपान्यांखेरीज आणखी एक वैरी लागला होता: बुरशी. तिथल्या दमट हवेत तंबू, कपडे, जे जे म्हणून सुती होतं ते कुजून हातात येत होतं. सैन्याच्या पुरवठा खात्याने मग कुजलेलं कापड गोळा केलं, त्यावरच्या बुरशा प्रयोगशाळेत वाढवल्या आणि एकेकीची चौकशी सुरू केली. हेतू सरळ होता, हिचा बंदोबस्त कसा करायचा? पण त्यातला एक वाण, ज्याची नोंद ‘क्यूएम६ए’ अशी झाली, भलताच गुणी निघाला. एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की ही बुरशी सुती कापड नुसतं कुजवत नाही, त्याची साखर करते. आणि साखर झाली की दारू फार लांब नसते, हे आपल्या साखर कारखान्यांना कुणी शिकवायला नको.

या बुरशीला पुढे रीझ यांच्याच नावावरून ‘ट्रायकोडर्मा रीझी’ म्हणू लागले. पेंढा, पाचट, कणसाची बुरकुंडं यांपासून इंधन करायचं म्हटलं की आज पहिलं नाव तिचंच निघतं. जगभरातल्या उद्योगांत तिचे जेवढे वाण राबतात, ते सगळे त्या एकाच क्यूएम६ए चे वंशज आहेत. म्हणजे एका बेटावरच्या एका कुजक्या कापडाने अख्खा उद्योग उभा केला. आपल्याकडे मर रोगाला आळा बसावा म्हणून पेरणीआधी हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्माची भुकटी चोळतात, ती याच घराण्यातली चुलत बहीण.

पन्नास वर्षांचं ब्रह्मचर्य

ही रीझीबाई जन्माची ब्रह्मचारिणी आहे, असं शास्त्रज्ञ पन्नासहून अधिक वर्षं समजत होते. प्रयोगशाळेत तिचा संसार कधी झालाच नव्हता. २००९ मध्ये कळलं, की दोष तिचा नव्हता. इतकी वर्षं तिला योग्य स्थळच कुणी दाखवलं नव्हतं. निसर्गातला जोडीचा वाण शेजारी ठेवला आणि मंगलकार्य पार पडलं.

त्याआधी, २००८ मध्ये, तिची जनुकं वाचून झाली तेव्हा आणखी एक धक्का बसला होता. सेल्युलोज तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, बनवण्यात जिचा हात कुणी धरत नाही, तिच्याकडे त्या कामाची जनुकं इतर बुरशांपेक्षा कमीच निघाली. हत्यारं मोजकी, पण ती पाझरवण्याचा झपाटा असा, की उद्योगांनी सुधारलेल्या वाणांकडून एका लिटर द्रावात शंभर ग्रॅमपर्यंत प्रथिनं मिळतात.

आणि हो, तुमची फिकट, जुनी वाटणारी नवी कोरी जीन्स! पूर्वी ती प्युमिस दगडांबरोबर घुसळून जुनी करत. आता बऱ्याच ठिकाणी हे काम याच जातीच्या बुरशांची विकरं करतात. सैन्याचे कपडे फाडणाऱ्या बुरशीला कपडे फाडण्याचेच पैसे मिळू लागले.

ताटात भात, गोठ्यात पेंढा

भाताचा दाणा ग्लुकोजच्या कड्यांचा आणि भाताचा पेंढाही बराचसा ग्लुकोजच्याच कड्यांचा. फरक फक्त जोडणीत आहे. दाण्यातल्या स्टार्चमध्ये कड्या एकाच बाजूने जोडलेल्या असतात, पेंढ्यातल्या सेल्युलोजमध्ये दर दुसरी कडी उलटी. एवढ्याशा उलटेपणामुळे सेल्युलोजच्या साखळ्या सरळसोट राहतात, एकमेकींना घट्ट चिकटून बसतात आणि मधे पाण्याच्या थेंबालाही वाव देत नाहीत. भोवती हेमिसेल्युलोजचा लेप, वर लिग्निनची लांबी भरलेली. आपल्या पोटात ही उलटी कडी सोडवणारं विकरच नाही, म्हणून एक ताटात येतो आणि दुसरा गोठ्यात जातो.

आता यातली मजा पाहा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८१९ मध्ये जुन्या चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्ल घालून साखर करून दाखवली. सेल्युलोज नावाचा पदार्थ आंसेल्म पायां यांनी शोधला तो १८३८ मध्ये. म्हणजे साखर आधी झाली आणि ती कशाची झाली, हे १९ वर्षांनी कळलं!

गाय गवत खाते, ही अफवा

गाईच्या स्वतःच्या शरीरात सेल्युलोज तोडणारं एकही विकर तयार होत नाही. ती गवत चावते, गिळते, पुन्हा तोंडात आणून रवंथ करते आणि शंभर लिटरहून मोठ्या पहिल्या पोटात घुसळत ठेवते. तिथल्या एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. गवत खातात ते. त्यांनी टाकलेल्या आम्लांवर गाय जगते आणि वर त्या जिवाणूंनाही पुढच्या पोटात पचवून प्रथिनं मिळवते. जोशीकाकूंची शुद्ध शाकाहारी गाय दिवसभर कोट्यवधी जीव फस्त करते, पण हे काकूंना सांगायला कोण जाईल?

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये जाहीर केलेला प्रयोग तर फारच थेट होता. संशोधनासाठी गाईच्या कुशीला कायमचं झाकणाचं भोक ठेवतात. त्यातून त्यांनी गवताने भरलेल्या नायलॉनच्या पिशव्या पोटात सोडल्या आणि ७२ तासांनी काढून घेतल्या. पिशवीतल्या गवताला जे जे चिकटलं होतं त्याची जनुकं वाचली. वनस्पतीतली साखर सोडवणारी असावीत अशी २७,७५५ जनुकं हाती लागली. त्यांतली ९० प्रथिनं निवडून तपासली, तर निम्म्याहून जास्त खरोखर कामाची निघाली.

लिदीतला गुणी

पेंढ्यातली सगळी साखर ग्लुकोज नसते, तिचा एक मोठा हिस्सा झायलोज नावाच्या दुसऱ्या साखरेचा असतो. बेकरीतलं किंवा डिस्टिलरीतलं यीस्ट झायलोजला तोंड लावत नाही. समोर भरलेलं ताट, पण पाहुण्याला त्यातलं बरंच काही चालत नाही, अशी पंचाईत कित्येक वर्षं चालली होती.

तोडगा निघाला हत्तीच्या लिदीत. एका भारतीय हत्तीच्या लिदीतून पायरोमायसिस नावाची बुरशी वेगळी केलेली होती. झायलोजला यीस्टच्या पचनी पडेल असं रूप देणारं एक जनुक तिच्यात सापडलं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी २००३ च्या सुमारास ते यीस्टमध्ये बसवलं आणि यीस्ट झायलोज खायला लागलं, थोडी तालीम दिल्यावर आवडीनेही.

ही बुरशी ज्या कुळातली, त्या कुळाचीही एक कथा आहे. बुरशी म्हटली की तिला हवा लागणारच, असं विज्ञान ठामपणे सांगत असे. जनावरांच्या पोटात पोहणारे सूक्ष्म जीव दिसत होते, पण त्यांना भलत्याच वर्गात ढकललं होतं. १९७५ मध्ये इंग्लंडच्या कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवून दिलं, की त्या चक्क बुरशा आहेत, आणि हवेचा वारासुद्धा त्यांना सोसत नाही.

वारुळातले शेतकरी

वाळवी नासधूस करते हे खरं, पण नासधुशीत तिच्याइतकं प्रावीण्य कुणाचंच नाही. २००७ मध्ये कोस्टा रिकातल्या वाळवीच्या आतड्यातली जनुकं वाचली गेली. आतड्याचा तो भाग टाचणीच्या डोक्याएवढा, पण त्यात शेकडो जातींचे जिवाणू नांदत होते.

ऑस्ट्रेलियातल्या एका वाळवीच्या पोटात मिक्सोट्रायका पॅराडॉक्सा नावाचा एकपेशीय जीव राहतो. त्याच्या अंगभर केस दिसतात आणि त्यांच्या वल्ह्यांवर तो पोहतो. नीट पाहिल्यावर कळलं, की ते केस म्हणजे त्याला चिकटलेले सुमारे अडीच लाख जिवाणू आहेत आणि वल्हवण्याचं काम तेच करतात. असे भाड्याने नावाडी ठेवणारे गृहस्थ जगात विरळाच.

आपल्याकडच्या मोठ्या वारुळांतली वाळवी मात्र पोटावर विसंबत नाही, ती शेती करते. वाळलेलं गवत, पालापाचोळा, काटक्या तोडून आणायच्या, चावून त्याचे वाफे घालायचे आणि त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवायची. लिग्निनची लांबी बुरशी सोडवते आणि मऊ झालेला माल वाळवी खाते. हा व्यवहार सुमारे तीन कोटी वर्षांचा आहे. पावसाळ्यात त्या बुरशीची छत्री वारूळ फोडून वर येते आणि गोव्यात अळमी म्हणून रस्त्याच्या कडेला पानांत बांधून विकायला बसते. गोंयकार तिच्यासाठी मटणाहून जास्त पैसे मोजतात, कारण ही अळमी पिकवणं अजून एकाही माणसाला जमलेलं नाही. पिकवते ती वाळवीच. धिंगरी अळंबी आपण गव्हाच्या काडावर, सोयाबीनच्या कुटारावर सहज वाढवतो. तीही लिग्निन सोडवणाऱ्यांतलीच. पण वाळवीच्या वाणाने माणसाला उभं केलेलं नाही.

माटुंगा मुक्कामी

कुजणाऱ्या मालापासून दारूऐवजी गॅसही करता येतो. या बायोगॅसच्या इतिहासात एक वाक्य हमखास भेटतं: जगातला पहिला बायोगॅस प्रकल्प १८५९ मध्ये मुंबईच्या कुष्ठधामात सुरू झाला. वाचून छाती फुगते, पण तारीख जरा तपासून घ्यावी. माटुंग्याचं बेघर कुष्ठरुग्णांचं आश्रयस्थान पालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने सुरू झालं ते १८९० मध्ये. आजचं वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. (हेच अ‍ॅकवर्थ साहेब शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करत हिंडले आणि १८९१ मध्ये त्यांचा संग्रह छापला. आयुक्त असावा तर असा.) जास्त पटण्याजोगी नोंद आहे ती १८९७ ची. त्या साली तिथल्या मैलापाण्याच्या टाक्यांवर गॅस धरायची सोय केली गेली आणि त्या गॅसवर इंजिन चालवलं गेलं. इंग्लंडात एक्सेटर शहराने मैल्याच्या टाकीतल्या गॅसवर दिवे लावले ते त्याच्या एकदोन वर्षंच आधी. पहिलेपणाचा मान सोडून दिला, तरी मुंबई फार मागे नव्हती.

तिथे होता मैला, पेंढा नव्हे. पण शेवटच्या पायरीवर बायोगॅसमधला मिथेन सोडणारे जीव दोन्हीकडे सारखेच, आणि माटुंग्याने हा विषय पुढे सोडलाच नाही. त्याच भागात १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, सगळे तिला सिरकॉट म्हणतात. कापसाच्या गिरणीत पिंजताना उडणारी धूळ आणि कचरा यांपासून बायोगॅस करायची रीत तिने बसवली. विदर्भात शेताच्या बांधावर रचून ठेवलेल्या आणि बहुतेकदा तिथेच पेटवून दिलेल्या पऱ्हाटीचं काय करता येईल, यावरही तिथे वर्षानुवर्षं काम झालंय. जवळच रसायन तंत्रज्ञान शिकवणारी आयसीटी, जुन्या माणसांची यूडीसीटी. २००८ मध्ये तिथे जैवऊर्जेचं केंद्र उघडलं आणि त्या केंद्राच्या तंत्रावर २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला रोज १० टन शेतकचरा घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. काडी आत गेल्यापासून चोवीस तासांत अल्कोहोल बाहेर, असा त्यांचा दावा होता. इतरत्र याच कामाला तीन ते पाच दिवस लागतात.

पुण्याचं नावही इथे घ्यायला हवं. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे, महर्षी कर्वे यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव, यांनी गोबरगॅसवाल्यांना एक साधा प्रश्न विचारला. शेण म्हणजे गाईच्या पोटातल्या जिवाणूंनी खाऊन उरलेलं उष्टं. मग टाकीतल्या जिवाणूंना उष्टं का वाढायचं, सरळ जेवणच का नाही? खराब धान्य, पीठ, पेंड, शिळंपाकं टाकल्यावर छोट्या टाकीतही झपाट्याने गॅस येऊ लागला. या घरगुती संयंत्राला २००६ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेला तोच पुरस्कार २००२ मध्येही मिळाला होता, उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याच्या भट्टीसाठी. तिथे जिवाणूंचा काही संबंध नव्हता, सगळा विस्तवाचा खेळ.

खोडव्यातलं पाचट

उसाची तोडणी झाल्यावर पाचट न जाळता सरीत दाबलेलं असेल, तर दोनेक महिन्यांनी तिथे उकिडवं बसून वरचा थर उचलून पाहा. वरची पानं करकरीत, कोरडी. खालची काळपट, ओलसर, चिमटीत धरली की तुटणारी, आणि त्यांच्यावरून पांढऱ्या धाग्यांचं जाळं गेलेलं. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो तो अ‍ॅक्टिनोमायसेट्स जातीच्या जिवाणूंचा. हात आत घातला तर ऊबही लागते. पाचटावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायला सांगतात ते पिकासाठी नंतर, आधी या मंडळींसाठी. पाचटात कार्बन रग्गड, नत्र नाममात्र. नत्राशिवाय जिवाणूंची वाढ खुंटते.

दिल्लीच्या पुसा संस्थेने पेंढा कुजवण्यासाठी बुरशांच्या कॅप्सूल काढल्या आहेत. त्या कशात भिजत घालायच्या? गूळ आणि बेसनाच्या पाण्यात! आपल्या जीवामृतवाल्यांना हे ऐकून मुळीच नवल वाटणार नाही.

घाई कुणाला आहे?

खरी गोम इथेच आहे. कुजवायला निसर्ग तयार आहे, पण त्याच्या चालीने. पाचट तीन-चार महिने घेतं, कारखान्याला माल दोन दिवसांत हवा असतो. या धंद्यातला बहुतेक पैसा जातो तो त्या घाईपायी. विकरं विकत घ्या, तापमान सांभाळा, आणि सगळ्यांत आधी काडीचा कणखरपणा मोडा. त्यासाठी बारीक केलेली काडी पोलादी टाकीत जोरदार दाबाच्या वाफेत ठेवतात आणि झडप एकदम उघडतात. ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी ती आतून फुटते. मग विकरांना आत शिरायला वाट मिळते.

एवढं करून पदरात काय पडतं? हरियाणातल्या पानिपतला इंडियन ऑइलचा भातपेंढ्यावरचा प्रकल्प आहे, ९०० कोटींहून जास्त खर्चाचा, पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रावरचा. त्याचं उद्दिष्ट वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल. भागाकार करा: टनाला १५० लिटर. मक्याच्या दाण्यांपासून टनामागे याच्या दुपटीहून जास्त मिळतं. ग्लुकोज पेंढ्यातलं असो की मक्यातलं, त्याचं इथेनॉल होताना जवळपास निम्मं वजन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होऊन उडून जातं. त्यात यीस्टचा आळस नाही, रसायनाचं गणितच तसं आहे. पेंढ्याला अजून मक्याशी स्पर्धा जमत नाही ती टनामागच्या कमी उताऱ्यामुळे आणि त्या घाईच्या खर्चामुळे. पण मका पोटाला लागतो आणि पानिपतच्या आसपास पेंढा पेटतो, हाही हिशेब मांडायला हवा.

या प्रकल्पाचं उद्घाटन १० ऑगस्ट २०२२ ला, जागतिक जैवइंधन दिनी झालं. १० ऑगस्ट का, तर १८९३ मध्ये त्या दिवशी रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन पहिल्यांदा शेंगदाण्याच्या तेलावर धडधडलं, असं सांगतात. इंजिन धडधडलं खरं. पण शेंगदाण्याच्या तेलाचा किस्सा १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातला आहे.

महाराष्ट्रात साखर कारखान्यांचं इथेनॉल येतं ते मुख्यतः मळीतून आणि रसातून. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो ओली चिपाडं निघतात, पण ती कचरा नव्हेत. बॉयलर त्यांच्यावरच पेटतो आणि वीज विकून चार पैसेही येतात. उसातला खरा बेवारस माल म्हणजे शेतात राहिलेलं पाचट.

खड्यांनी केलेला घात

पहिल्या महायुद्धात हाईम वाइझमन यांनी (हेच पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष) एका जिवाणूकडून स्टार्चचं अ‍ॅसिटोन करून घेतलं. तोफगोळ्यांच्या दारूसाठी ते हवं होतं. धान्य टंचाईचं, म्हणून १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारने शाळकरी पोरांना रानटी चेस्टनट गोळा करायला लावले. कशासाठी, हे मात्र सांगितलं नाही. पोरांनी ढीग लावले, पण न्यायला वाहनं नव्हती. कित्येक ढीग रेल्वे स्टेशनांवर पडूनच कुजले. जिवाणूंनी आपलं काम केलं, फक्त चुकीच्या ठिकाणी.

शंभर वर्षांनी अमेरिकेच्या आयोवा राज्यात तेच दुखणं नव्या रूपात उभं राहिलं. नेवाडा नावाच्या गावात ड्यूपाँट कंपनीने २०१५ मध्ये मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा २२.५ कोटी डॉलरचा कारखाना उघडला, नि २०१७ मध्ये बंद केला. कॅन्ससमधला अबेंगोआचा कारखाना २०१४ मध्ये सुरू होऊन दुसऱ्याच वर्षी थांबला. रुमानियात क्लॅरियंटने २०२१ मध्ये वाजतगाजत उघडलेला प्रकल्प २०२३ मध्ये गुंडाळला. प्रत्येकाची कारणं वेगळी, पण या धंद्यातली माणसं बोलायला लागली की विकरांच्या आधी गठ्ठ्यांवर येतात. शेतातून आलेल्या गठ्ठ्यात माती असते, वाळू असते, खडे असतात. भाताच्या पेंढ्यात तर त्याच्या अंगचीच सिलिका. पाती झिजतात, पाइप तुंबतात. जनुकं बदलून यीस्टला झायलोज खायला शिकवता आलं, पण खडा कुणाच्याच पोटात जिरत नाही.

नेवाडाचा तो कारखाना २०१८ मध्ये जर्मनीच्या व्हर्बिओ कंपनीने विकत घेतला. गठ्ठे तेच, मक्याच्या ताटांचेच. त्यांनी मात्र ते मिथेनवाल्या जिवाणूंच्या हवाली केले. हे जिवाणू विकत आणलेली विकरं मागत नाहीत. ग्लुकोज, झायलोज असा भेदही करत नाहीत. दारू गाळायला भट्टी पेटवावी लागते, मिथेन मात्र आपला आपण बुडबुड्यांनी वर येतो; स्वच्छ करून नळात सोडला की झालं. आणि टाकीत उरलेला गाळ त्याच शेतकऱ्यांच्या रानात परत जातो.